शेवटच्या रांगेतून

"माझा नवरा माझ्या वडिलांच्या जिवावर उठलाय का, एवढंच मला सांगा. आणि उद्या दुपारपर्यंत सांगा."

दारात उभ्या असलेल्या बाईने चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. जिने चढून तिला धाप लागली होती, आणि त्या धापेचीच तिला भीती वाटत असावी. तिने पटकन तोंडावर हात ठेवला.

"आधी बसा," वहिनी म्हणाल्या.

"बसायला वेळ नाही."

"मग उभ्याने पाणी प्या."

वहिनींना सगळी गल्ली वहिनीच म्हणायची. विमा कंपनीत खोटे दावे हुडकून काढण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. नोकरी संपली तरी लोक घरी येऊन तेच काम सांगू लागले. दिसायला अगदी साध्या बाई. पण समोरच्याच्या बोलण्यातला एखादा धागा सुटला की त्यांची मान किंचित तिरकी व्हायची. ती मान त्यांचे धाकटे दीर चांगलीच ओळखून होते. हे भाऊजी भूगोलाचे निवृत्त शिक्षक. प्रत्येक प्रकरणात ते वहिनींच्या बरोबर असत आणि प्रत्येक प्रकरणात वहिनींच्या आधी गुन्हेगार शोधून काढत. तो गुन्हेगार अजून एकदाही खरा निघाला नव्हता, पण म्हणून त्यांचा उत्साह कमी झाला नव्हता.

बाई पाणी प्यायली आणि घडाघडा बोलू लागली.

तिचे वडील बाहुल्यांचे खेळ करत. गाव त्यांना मास्तर म्हणे. तरुणपणच्या सिगारेटी आणि पुढे वर्षानुवर्षं बाहुल्या कोरताना नाकातोंडात गेलेला लाकडाचा भुसा, दोन्हींनी मिळून त्यांच्या फुप्फुसांची वाट लावली होती.

"डॉक्टर म्हणाले, आजार जाणार नाही. पण तो भडकू द्यायचा नाही, तेवढं आपल्या हातात आहे. धूर, धूळ, उग्र वास, सर्दी झालेली माणसं, सगळं लांब ठेवायचं. आम्ही ठेवलं हो! माझं अत्तर मी देऊन टाकलं. गालिचा गेला. पोपट गेला."

"गेला?" भाऊजी हळहळले.

"आत्याच्या मैत्रिणीकडे. मजेत आहे. पण तरी बाबांना तीनदा झटका आला. तिन्ही वेळा खेळ चालू असताना. तिसऱ्यांदा तर दवाखान्यात मशीन लावावं लागलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, पुढच्या झटक्यातून उठतील याची खात्री नाही. आणि उद्या चार वाजता नगरभवनात खेळ आहे."

"रद्द करा."

"बाबांना सांगून बघा." तिने पदराने कपाळ पुसलं. "आत्या म्हणते, हे सगळं माझ्या नवऱ्याचं काम. बाबांच्या औषधाच्या पिशवीत हात घालताना तिने त्याला पाहिलंय. आज सकाळी तिने ते तोंडावर सांगितलं. तो काही न बोलता उठून गेला. वहिनी, तो 'नाही' तरी म्हणाला असता!"

वहिनींनी पर्स उचलली. भाऊजींनी आपली टोपी शोधायला सुरुवात केली. ती त्यांच्या डोक्यावरच होती.

*

मास्तरांचं घर वर आणि खाली त्यांचा छोटा हॉल. पूर्वी तिथे कसलंसं गोदाम होतं. हॉलच्या मागे कामाची खोली. कोरून आता कोणी काही करत नसे, त्यामुळे फरशी लख्ख होती आणि खिडक्या उघड्या. वाऱ्याने एक झडप सारखी आपटत होती. कोणी उठून ती लावत नव्हतं. घरात कोणाचंच चित्त जागेवर नव्हतं.

फळीवर बाहुल्या बसल्या होत्या. मधोमध राजा. त्याच्या अर्ध्या मिशीचा रंग उडाला होता, त्यामुळे तो अर्धवट दाढी करून निघाल्यासारखा दिसत होता. शेजारी चोर, त्याच्या भुवयांचे टवके गेलेले. दाराजवळच्या खुंट्यांवर काळे झगे आणि काळे बुरखे लटकत होते. डोक्यापासून गळ्यापर्यंत येणारे, डोळ्यांपुढे जाळी असलेले चार बुरखे. तीन कळकट, एक काळाकुळकुळीत.

"हा नवा केलात वाटतं?" भाऊजींनी विचारलं.

"छे! चारही एका कापडातले, एकाच दिवशी शिवलेले," लेक म्हणाली. "तो बाबांचा. दोन आमचे, एक जादाचा."

वहिनींनी खुंटीकडे पाहिलं आणि मग राजाच्या मिशीकडे.

मास्तर खुर्चीत ताठ बसले होते. हात गुडघ्यांवर टेकलेले, ओठांचा चंबू करून ते सावकाश श्वास सोडत. प्रत्येक वाक्याआधी थोडं थांबत.

"मला मरणाची भीती नाही," ते म्हणाले. "बाहुली हातात असताना आलं... तर तक्रार नाही."

"आणि दोष जावयाच्या माथी ठेवून जाणार?" वहिनींनी विचारलं.

मास्तरांची मान खाली गेली.

"पोरगा वाईट नाही," ते म्हणाले. "पण बहीण खोटं बोलत नाही. आयुष्यात माझ्याशी एकदाही खोटं बोललेली नाही. मी काय करू?"

"तुमचा खेळ कसा चालतो ते सांगा."

त्यावर मात्र म्हाताऱ्याचे डोळे उजळले. मागे काळा पडदा, पुढे उजेडाचा एक पट्टा. उजेडात फक्त बाहुली. तिच्या मागे काळ्या कपड्यांतली माणसं, ती कोणाला दिसता कामा नयेत. "माणूस दिसला की बाहुली मेली. माझे वडील सांगायचे. त्यांच्या वेळी आई शेवटच्या रांगेत बसायची. खेळ संपला की आत येऊन सांगायची, 'नाही दिसलात.' आता माझी बहीण बसते. प्रत्येक खेळाला. मी बाहुली खाली ठेवायच्या आधी ती येते आणि म्हणते, 'नाही दिसलास, दादा.'"

"आणि 'दिसलास' म्हणाल्या तर?"

"तर त्या दिवशी माझं काम संपलं."

वहिनींची मान किंचित तिरकी झाली.

"मास्तर, खेळ चालू असताना तुमच्या नाकापासून हातभर अंतरात काय काय असतं? नीट आठवून सांगा."

मास्तरांनी डोळे मिटले. राजा. चोर. त्यांच्या काठ्या. मागचा पडदा, तो ओल्या फडक्याने पुसलेला असतो. पाण्याचा पेला. डावीकडे जावई, उजवीकडे लेक. खिशात औषधाचा पंप.

"आणखी?"

"आणखी काही नाही."

हाच प्रश्न वहिनींनी लेकीला वेगळं बोलावून विचारला. तिनेही तेवढंच सांगितलं, त्याच क्रमाने. आणखी काही नाही.

मग वहिनींनी झटक्यांचा हिशेब विचारला. लेकीला तो तोंडपाठ होता. हिवाळ्यात वाचनालयाच्या हॉलमध्ये खेळ झाला, तिथे सगळं ठीक होतं. त्यानंतर कॉलेजच्या हॉलमध्ये पहिला झटका. मग कारखान्याच्या क्लबात काही नाही. मग गोदी कामगारांच्या हॉलमध्ये दुसरा. तिसरा इथेच, घरच्या हॉलमध्ये. मधल्या काळात घरच्या हॉलमध्ये दर रविवारी खेळ व्हायचे, तेव्हा काही नाही.

"तिसऱ्या वेळी इथे काही वेगळं होतं?"

"वर्तमानपत्राचा फोटोवाला आला होता. त्याने आपले मोठे दिवे आणले होते. बाकी काही नाही. आणि कमाल बघा, कारखान्याच्या क्लबात सगळा गोंधळ उडाला होता. कपड्यांची पेटी टेम्पोवाल्याने भलतीकडेच उतरवली. बाबा माझ्या नवऱ्याचा मफलर तोंडाला गुंडाळून उभे राहिले, दमले, चिडले, पण धाप लागली नाही. आणि घरच्या हॉलमध्ये लागावी!"

"वारा!" भाऊजी एकदम म्हणाले. "वहिनी, कॉलेज आणि गोदी दोन्ही पश्चिमेला. दमट वारा. कारखाना पूर्वेला, तिथे कोरडा. साधा भूगोल आहे."

"आणि हे घर?"

भाऊजींनी खिडकीतून बाहेर पाहिलं. घर बरोबर मध्ये होतं. त्यांनी वारा मागे घेतला.

*

जावई हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर सापडला. शेजारी दिवेवाला सिगारेट ओढत बसला होता. वहिनींना पाहताच त्याने ती बुटाखाली चिरडली.

"आत ओढत नाही, बाई. शपथ. आणि पहिल्या वेळी तर मी भाचीच्या लग्नाला गेलो होतो. कॉलेजवाल्यांचाच माणूस दिव्यांवर होता."

"ठाऊक आहेत त्या हॉलमधले दिवे?"

"सगळ्याच बाहेरच्या हॉलमध्ये भगभगीत असतात. आपल्यासारखा मवाळ उजेड कोणाकडेच नाही." आणि तो सटकला.

जावई उंच, खांदे पाडून बसलेला. वहिनी त्याच्या शेजारी पायरीवर टेकल्या.

"पिशवीत हात घातला होतात?"

"घातला होता."

"कशाला?"

त्याने खिशातून काड्यापेटीएवढं यंत्र काढलं. "आवाज टिपायला. पिशवी त्यांच्या पायाशी असते, तिथून चांगला येतो. प्रत्येक खेळाला ठेवलं. वाचनालयात, कॉलेजात, क्लबात, सगळीकडे. मी पोरका. सासऱ्यांचा आवाज मला..." त्याने यंत्र मुठीत मिटलं. "ते म्हणतात, डबीतला आवाज म्हणजे प्रेत. म्हणून सांगितलं नाही."

"आज तरी सांगायचं."

"आज सांगितलं असतं तर आत्याबाई म्हणाल्या असत्या, म्हातारा मरायच्या आधीच त्याचा आवाज काढून ठेवतोय. आणि वहिनी, ते थोडं खरंही आहे." त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते बाहीने पुसले.

भाऊजी घसा खाकरत दुसरीकडे पाहू लागले. त्यांनी जावयाला मनातल्या मनात केव्हाच बेड्या घातल्या होत्या. त्या आता काढाव्या लागणार होत्या.

"धाप कशी सुरू होते?" वहिनींनी विचारलं.

"आधी खोकला. मग श्वास मोठा होतो. मग ते पडद्याआड वळून पंप मारतात. हल्ली तर धाप नसली तरी त्यांचा श्वास दिसतो." त्याने जीभ चावली. "वाचनालयात पहिल्या रांगेतला एक पोरगा ओरडला होता, 'आई, तो काळा माणूस श्वास घेतोय!' सगळे हसले. बाबांना वाटलं, चोराला हसले. मी काही बोललो नाही."

"आणखी कोणी ऐकलं?"

"अख्ख्या हॉलने ऐकलं असेल."

वहिनींनी आतून मास्तरांचा पंप मागवून घेतला. टोपण काढलं. तोंडात धरायच्या नळीच्या आत एक काळसर कडं उमटलं होतं.

"रंग असणार," जावई म्हणाला. "त्यांच्या रुमालालाही लागतो. बाहुल्यांचा."

"खेळात तुमच्या सासऱ्यांच्या नाकाजवळ काय काय असतं?"

जावयाने सांगितलं. राजा, चोर, काठ्या, पडदा, पेला, आम्ही दोघं, पंप. आणखी काही नाही.

*

आत्या वरच्या मजल्यावर शिवणाच्या मशीनपाशी होती. दोऱ्यांची रिळं रंगांप्रमाणे लावलेली, कात्र्या आकाराप्रमाणे. साडीला एक सुरकुती नव्हती. फक्त नखांच्या कडा काळ्या होत्या. वहिनींची नजर तिकडे गेली तशी तिने मुठी मिटल्या.

"बाहुल्यांच्या भुवया रंगवत होते," ती म्हणाली.

"छान रंगवता?"

"चाळीस वर्षं तेच करतेय. तुम्ही त्या पोराला विचारलंत?"

"विचारलं. त्याच्यामुळे काही झालेलं नाही."

"तर मग कोणामुळे?" आत्या ताडकन उठली. "माझा भाऊ माझ्या डोळ्यांदेखत गुदमरतो. मी शेवटच्या रांगेत. मला धावत जाता येत नाही, ओरडता येत नाही. खेळ चालू असतो ना! पदर तोंडात कोंबून बसते मी. आणि तुम्ही म्हणता, काही झालेलं नाही?"

"तसं नाही म्हटलं मी," वहिनी हळूच म्हणाल्या. "एकच विचारते. वाचनालयाच्या खेळानंतर तुम्ही मास्तरांना काय सांगितलंत?"

आत्याचा हात रिळांवरून फिरला. एक निळं रीळ हिरव्यांत गेलं आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही.

"नेहमीचंच. नाही दिसलास."

खाली उतरताना वहिनी जिन्यातच थांबल्या आणि डॉक्टरांना फोन लावला. भाऊजींना अर्धंच बोलणं ऐकू आलं. "कुठलीही? अगदी बारीक असली तरी?... वास नसला तरी?... बरं."

"वहिनी, कोण?" भाऊजींनी कुजबुजत विचारलं. "दिवेवाला ना?"

"उद्या सांगते."

"उद्या चारला खेळ आहे!"

"म्हणून तर दोनला सांगते," वहिनी म्हणाल्या. "मास्तरांच्या लेकीला निरोप द्या, खेळाचे कपडे आजच पेटीत भरा, आणि तोवर ती पेटी कोणी उघडायची नाही." त्या रात्री त्या नीट जेवल्या नाहीत, हे भाऊजींच्या ध्यानात आलं. गुन्हेगार सापडला की वहिनी पोटभर जेवत. या वेळी सापडलेला त्यांना आवडला नसावा.

*

नगरभवनाचा रंगमंच उघडाबोडका होता. खुर्च्या रिकाम्या. बाहेर शाळेच्या मुलांच्या रांगा लागायला लागल्या होत्या. त्यांचा कलकलाट बंद दारांतून आत येत होता. दर आवाजाला लेक दचकत होती.

वहिनींनी मास्तरांना हॉलच्या मागे, दिव्यांच्या काचेच्या खोलीत बसवलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. "माईकवरून तुम्हाला सगळं ऐकू येईल. मी बोलावल्याशिवाय बाहेर यायचं नाही." आत्या सवयीने शेवटच्या रांगेत जाऊन बसली होती, काचेच्या अगदी पुढे. लेक आणि जावई पहिल्या रांगेत, मध्ये एक खुर्ची सोडून.

"आत्याबाईंना वाटलं, पंपात काहीतरी मिसळलंय," वहिनी म्हणाल्या. "पण मास्तर पंप मारतात ते धाप लागल्यावर. धाप आधी, पंप नंतर. आणि जावयांनी पिशवी क्लबातही उघडली होती. तिथे काही झालं नाही. पिशवी निर्दोष."

लेकीने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. तो समोरच पाहत होता.

"दिवेवाल्याची सिगारेट? पहिल्या वेळी तो लग्नात जेवत होता. वाऱ्याचं आमच्या भाऊजींनी बघितलं आहे."

भाऊजींनी नम्रपणे मान लववली.

"मग उरलं काय? मी तिघांना विचारलं, मास्तरांच्या नाकाजवळ काय असतं. तिघंही या धंद्यात मुरलेले. तिघांनी बाहुल्यांच्या काठ्यासुद्धा सांगितल्या. आणि नाकाला चिकटलेली एक गोष्ट तिघांनीही सांगितली नाही."

वहिनींनी रंगमंचावरच्या कपड्यांच्या पेटीकडे बोट केलं.

"बुरखा," वहिनी म्हणाल्या.

"पण तो तर..." लेक अडखळली.

"तो तर नसतोच! तुम्ही लहानपणापासून हेच शिकलात. काळं असतं ते नसतं. प्रेक्षकांना ते दिसू नये म्हणून तुम्ही इतका जीव टाकलात, की तुम्हालाही ते दिसेनासं झालं. बाहेरच्या कोणाला विचारलं असतं तर त्याने पहिल्याच दिवशी बुरख्यावर बोट ठेवलं असतं. भाऊजींनी ठेवलंच."

"मी?" भाऊजी चमकले.

"'हा नवा केलात वाटतं?' असं विचारलंत. चार बुरखे एकाच दिवशी शिवलेले. तीन विटले, एक काळाकुळकुळीत. का? दिवा लावा."

दिवेवाल्याने खोलीतून झोत टाकला. रंगमंचावर पांढराशुभ्र उजेडाचा खांब उभा राहिला. भाऊजींनी तोंडाला रुमाल बांधला, पेटीतला मास्तरांचा बुरखा हातभर लांब धरला आणि काठीने एक फटका मारला.

उजेडात काळा धूर उठला. म्हणजे धूर नव्हता. अगदी बारीक भुकटी होती, आणि ती खाली बसायला तयार नव्हती. झोतात गरगर फिरत वर वर जात राहिली. लेक उठून उभी राहिली.

"काजळीची भुकटी," वहिनी म्हणाल्या. "बाहुल्यांच्या मिशा रंगवायची. वास नाही, काळ्यावर दिसत नाही. पुरचुंडीत घेऊन कापडावर थोपटली की विटकं कापड पुन्हा काळं होतं. मग बुरखा घालायचा, तोंड झाकायचं आणि तासभर राजाच्या आवाजात ओरडायचं. अधू फुप्फुसांना आणखी काय हवं? रुमालावर तीच, पंपाच्या नळीत तीच. रंग बाहुल्यांचा म्हणावा तर राजाची मिशी अर्धी उडालेली आहे. तिला कित्येक दिवसांत कोणी हात लावलेला नाही."

"पण मग घरी रविवारी...?" जावयाने प्रथमच तोंड उघडलं.

"घरच्या मवाळ उजेडात विटका बुरखा खपून जातो. बाहेरच्या भगभगीत दिव्यांत नाही. म्हणून कॉलेज आणि गोदी. घरी एकदाच, फोटोवाल्याने मोठे दिवे आणले तेव्हा. आणि क्लबात पेटीच आली नाही. मास्तर तुमच्या मफलरमधून श्वास घेत होते. मफलरला कोणी भुकटी लावली नव्हती."

"कोणी लावली?" लेकीचा आवाज चिरकला.

शेवटच्या रांगेतली खुर्ची वाजली.

आत्या उभी होती. दोन्ही हात पुढे धरलेले, स्वतःचीच नखं बघत. "मी," ती म्हणाली. "मी लावली. दर वेळी. चांगली दाबून दाबून."

"आत्या!"

"खेळ झाला की धुवून टाकायचे, कोणाला कळू नये म्हणून. मी जावयाला खुनी म्हटलं. आणि काजळीची डबी माझ्याच शिवणाच्या पेटीत." ती मटकन खाली बसली.

"त्यांनी विष घातलं नाही," वहिनी घाईने म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा कोरडा राहिला नव्हता. "त्यांनी एक गोष्ट झाकली. वाचनालयात तो पोरगा ओरडला, तेव्हा..."

काचेच्या खोलीचं दार उघडलं. वहिनींनी बोलावलं नव्हतं. मास्तर भिंतीला धरून बाहेर आले आणि बहिणीच्या रांगेपाशी थांबले.

"मी दिसतो?" त्यांनी विचारलं.

आत्याने मान वर केली नाही.

"मी तुला विचारतोय. दिसतो मी?"

"दिसतोस, दादा. हिवाळ्यापासून दिसतोस. तुझा श्वास मोठा झालाय. कापड आत-बाहेर होतं, आणि विटक्या कापडावर ते लगेच कळतं. कसं सांगू? तू बाहुली खाली ठेवली असतीस. बाहुली ठेवून तू किती दिवस काढले असतेस? म्हटलं, आणखी काळं करू. तर तुझा श्वास आणखी मोठा झाला. मग मी आणखी काळं केलं."

मास्तर खुर्चीत बसले. ओठांचा चंबू करून त्यांनी सावकाश श्वास सोडला, पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. बाहेर पोरांनी दारावर धडका द्यायला सुरुवात केली होती.

आत्या उठली आणि पहिल्या रांगेपर्यंत चालत गेली. जावयासमोर हात जोडायला लागली तसे त्याने ते धरले. "माझ्या सासऱ्यांसाठीच ओरडलात ना," तो म्हणाला. मधली रिकामी खुर्ची ओलांडून लेक त्याच्याजवळ सरकली.

"बाबा, आपण रद्द करू," ती म्हणाली. "मी बाहेर जाऊन सांगते."

"थांब."

मास्तर भाऊजींकडे वळले. "तो बुरखा बाहेर नेऊन टाका. मुलं नाहीत त्या बाजूला. आणि फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या. झाडू नका." मग लेकीला, "माझ्यासाठी स्टूल ठेव. खिडक्या उघड. चोराचं गाणं आज गाळा, त्यात दम जातो."

"पण बुरख्याशिवाय...?"

"बुरख्याशिवाय."

"आजोबांनी घालून दिलेली रीत आहे, बाबा."

"आजोबांची फुप्फुसं धड होती," मास्तर म्हणाले.

*

चार वाजता पडदा वर गेला. उजेडात राजा आला, अर्ध्या मिशीचा. आणि त्याच्या मागे, काळ्या झग्यावर, एका म्हाताऱ्याचा उघडा चेहरा.

हॉलमध्ये चुळबूळ झाली. पहिल्या रांगेतली एक चिमुरडी खुर्चीवर उभी राहिली आणि बोट दाखवून ओरडली, "ते बघा, आजोबा दिसतायत!"

राजा थबकला. त्याने हळूहळू मान वर केली, म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि तो दोन पावलं मागे सरकला.

"अरेच्चा!" राजा म्हणाला. "तुम्ही कोण?"

मास्तरांनी श्वास घेतला. सगळ्यांसमोर, सावकाश, हवा तेवढा वेळ घेऊन.

"मी होय? मी इथेच असतो, महाराज," ते स्वतःच्या आवाजात म्हणाले. "पुष्कळ वर्षं झाली."

पोरं खदखदून हसली, आणि त्यानंतर खेळ असा रंगला की राजाची झोप चोराने पळवली तेव्हा एकालाही म्हातारा आठवला नाही. मधल्या अंकात मास्तर एकदा थोडं खोकले. वहिनींनी भाऊजींचं मनगट घट्ट पकडलं. खोकला थांबला. त्यांनी ते बराच वेळ सोडलं नाही.

"बरोबर ओळखलं होतं मी," भाऊजी कुजबुजले. "बुरखा."

"हो, भाऊजी. या वेळी तुम्हीच."

खेळ संपला. टाळ्या थांबेनात. मास्तर राजाला हातात धरून स्टुलावर बसून राहिले. बाहुली त्यांनी खाली ठेवली नव्हती. जावई पाण्याचा पेला घेऊन शेजारी उभा होता. त्याच्या खिशातलं यंत्र आज उघडपणे टेबलावर होतं, आणि त्याबद्दल मास्तर काही बोलले नव्हते.

विंगेतून आत्या आली. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता, नखं मात्र घासून स्वच्छ केली होती. ती भावासमोर उभी राहिली. मास्तर वाट पाहत होते, नेहमी पाहत तसे.

"शेवटच्या रांगेतूनसुद्धा दिसतोस, दादा," ती म्हणाली.